डॉस गेला, वेशीची नावे राहिली

विंडोज असलेल्या कोणत्याही संगणकावर एक नवीन फोल्डर तयार करावा आणि त्याला सी, ओ, एन या तीन इंग्रजी अक्षरांचे ‘कॉन’ हे नाव देऊन पाहावे. संगणक ते नाव स्वीकारत नाही. साधारण वीस वर्षांपूर्वी हा प्रकार ईमेलमधून देशभर फिरला होता. एका भारतीय विद्यार्थ्याने हा दोष शोधून काढला आहे आणि खुद्द मायक्रोसॉफ्टलाही त्याचे उत्तर सापडलेले नाही, असा त्या मजकुराचा दावा असे. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या नेट कॅफेंमध्ये मुले हा चमत्कार एकमेकांना करून दाखवत असत. प्रत्यक्षात त्यात चमत्कारही नव्हता आणि दोषही नव्हता. ज्यांनी डॉस, म्हणजे आज्ञा टाइप करून संगणक चालवण्याची विंडोजच्या आधीची प्रणाली, शिकलेली होती, त्या सगळ्यांना त्याचे कारण माहीत होते. मात्र तोवर डॉस शिकवणे बंद झालेले होते.

कोल्हापूरच्या माणसाला हे कारण समजायला अवघड जाऊ नये. आपण गंगावेशीत जातो, रिक्षावाल्याला गंगावेस म्हणून सांगतो आणि तो बिनचूक तेथे नेऊन सोडतो. वेस कुठे आहे असे कोणी विचारत नाही. शहराची तटबंदी गेली, वेशी पाडल्या गेल्या, पण लोकांचे पत्ते त्या नावांवर बेतलेले असल्यामुळे नावे हलली नाहीत. आजच्या संगणकात डॉसचे नेमके तसेच झाले आहे.

आधी ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. संगणकाच्या यंत्राला फक्त आकडे हलवता येतात. कळफलकावर कोणती कळ दाबली गेली, चकतीवर (डिस्कवर) कोणत्या जागी काय लिहिले आहे, छपाईयंत्राला पुढचे अक्षर केव्हा पाठवायचे, ही कामे प्रत्येक प्रोग्रॅमने स्वतः करायची ठरवली तर हिशेबाचा साधा प्रोग्रॅम लिहिण्यातही वर्ष जाईल. म्हणून ही सामाईक कामे एकाच मधल्या प्रोग्रॅमकडे सोपवलेली असतात आणि बाकीचे प्रोग्रॅम त्याच्याकडे मागणी करतात. तो मधला प्रोग्रॅम म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. मागणी कोणत्या पद्धतीने करायची हे एकदा ठरले आणि त्यावर हजारो प्रोग्रॅम लिहिले गेले, की ती पद्धत बदलणे फार महागात पडते. पुढचा सगळा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो.

घरगुती संगणकांसाठी अशी पद्धत पहिल्यांदा रुजवली ती गॅरी किल्डॉल या अमेरिकन संशोधकाने. 1974 मध्ये त्याने इंटेलच्या 8080 या प्रोसेसरसाठी ‘सीपी/एम’ नावाची प्रणाली तयार केली. चकत्यांना ए, बी, सी अशी अक्षरे देणे, फाइलचे नाव आठ अक्षरांचे आणि त्यापुढे टिंब देऊन तीन अक्षरांचा प्रकार, ही रचना डॉसने त्याच्याकडूनच घेतली. 1970 च्या दशकाच्या अखेरीस छोट्या संगणकांच्या जगात सीपी/एम सर्वत्र पसरलेला होता. त्यामुळे 1980 मध्ये आयबीएमने स्वतःचा वैयक्तिक संगणक बाजारात आणायचे ठरवले तेव्हा ही कंपनी किल्डॉलच्या डिजिटल रिसर्चकडे गेली. त्या भेटीविषयी अनेक आख्यायिका आहेत. त्यांत मी शिरत नाही. त्या वेळी करार झाला नाही, एवढेच येथे महत्त्वाचे आहे. आयबीएमला बेसिक ही संगणकभाषा पुरवणार असलेल्या मायक्रोसॉफ्टने मग ऑपरेटिंग सिस्टीमही देण्याची जबाबदारी अंगावर घेतली. त्या क्षणी मायक्रोसॉफ्टकडे अशी कोणतीही प्रणाली नव्हती.

ती होती सिअ‍ॅटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या छोट्या कंपनीतल्या टिम पॅटरसन या तरुण अभियंत्याकडे. त्याच्या कंपनीने इंटेलच्या नव्या 8086 प्रोसेसरचा बोर्ड तयार केला होता. त्या प्रोसेसरसाठी सीपी/एमची आवृत्ती येण्याची वाट पाहून तो थकला आणि 1980 मध्ये काही महिन्यांतच त्याने स्वतः एक प्रणाली लिहून काढली. तिचे पहिले नाव ‘क्यूडॉस’ होते आणि त्यातल्या पहिल्या दोन शब्दांचा अर्थ ‘झटपट आणि ओबडधोबड’ असा होता. पुढे ती ‘86-डॉस’ या नावाने विकली जाऊ लागली. पॅटरसनने प्रोग्रॅमांची मागणी करण्याची पद्धत मुद्दाम सीपी/एमसारखी ठेवली, कारण जुने प्रोग्रॅम फारशी दुरुस्ती न करता नव्या प्रोसेसरवर आणता यावेत हा त्याचा हेतू होता. म्हणजे पहिल्या दिवसापासून डॉस हा मागच्यांना सांभाळून घेण्यासाठीच जन्मला होता.

मायक्रोसॉफ्टने डिसेंबर 1980 मध्ये 25,000 डॉलर देऊन या प्रणालीचा परवाना घेतला आणि जुलै 1981 मध्ये आणखी 50,000 डॉलर देऊन तिचे सर्व हक्क विकत घेतले. मागे गिऱ्हाईक आयबीएम आहे, हे परवाना देताना विकणाऱ्या कंपनीला माहीत नव्हते. 12 ऑगस्ट 1981 रोजी आयबीएमचा वैयक्तिक संगणक जाहीर झाला. आयबीएम ही प्रणाली ‘पीसी-डॉस’ या नावाने विकणार होती, परंतु तीच प्रणाली ‘एमएस-डॉस’ म्हणून इतर कंपन्यांना विकण्याचा हक्क मायक्रोसॉफ्टने स्वतःकडे राखून ठेवला होता. माझ्या मते या सगळ्या व्यवहारातली सर्वांत दूरदृष्टीची ओळ तीच. कॉम्पॅकने नोव्हेंबर 1982 मध्ये आयबीएमच्या संगणकाशी जुळणारा स्वतःचा संगणक जाहीर केला, पाठोपाठ अनेक कंपन्या तशीच यंत्रे बनवू लागल्या, आणि त्या प्रत्येकीला डॉस हवा होता. किल्डॉलचा सीपी/एम-86 देखील आयबीएमने विकायला ठेवला. पण त्याची किंमत 240 डॉलर होती आणि डॉसची 40 डॉलर.

आता डॉस काम कसे करत असे ते जवळून पाहू. मी डॉस शिकलो तो 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला, लक्ष्मीपुरीतल्या एका वर्गात. चपला दाराबाहेर काढून थंड खोलीत जायचे आणि यंत्रावरचे कापडी आवरण घडी करून ठेवायचे, हा तिथला शिरस्ता होता. त्या वर्गातल्या निम्म्या यंत्रांना हार्ड डिस्क नव्हती. सव्वापाच इंची फ्लॉपी ‘ए’ या खाचेत सरकवून, दांडी फिरवून यंत्र सुरू करायचे. डॉस त्या फ्लॉपीवरून मेमरीत येत असे. स्वतःचे काम ठेवायची दुसरी फ्लॉपी ‘बी’ खाचेत जायची. त्याच्या कितीतरी आधी, 1983 मध्ये, आयबीएमने 10 मेगाबाइटची हार्ड डिस्क असलेला संगणक आणला, तेव्हा ए आणि बी ही अक्षरे अगोदरच फ्लॉपींना दिलेली असल्यामुळे हार्ड डिस्कच्या वाट्याला ‘सी’ आले. फ्लॉपी नाहीशी होऊन आता बरीच वर्षे झाली, तरी आजच्या लॅपटॉपवरची पहिली चकती सी याच नावाने ओळखली जाते.

वर्गातला पहिला धडा ‘कॉपी कॉन’ हा असे. काळ्या पडद्यावर ‘कॉपी कॉन’ आणि पुढे फाइलचे नाव टाइप करायचे, एंटर दाबून चार ओळी लिहायच्या, मग एफ-6 ही कळ दाबायची. पडद्यावर एक टोपीसारखे चिन्ह आणि झेड हे अक्षर उमटे. पुन्हा एंटर दाबले की ‘एक फाइल कॉपी झाली’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ येई. या आज्ञेतले ‘कॉन’ म्हणजे कन्सोल, अर्थात कळफलक आणि पडदा. डॉस कळफलकाला एक फाइल समजत असे आणि तिच्यातला मजकूर दुसऱ्या फाइलमध्ये उतरवत असे. त्याच न्यायाने ‘पीआरएन’ म्हणजे छपाईयंत्र. एखादी फाइल पीआरएनमध्ये कॉपी केली की ती कागदावर छापली जाई. यंत्राचे भाग आणि फाइली यांना एकाच नजरेने पाहण्याची ही कल्पना सुंदर होती, आणि पहिल्याच धड्यात ती हाताने अनुभवता येत असे.

पण डॉसच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डर हा प्रकारच नव्हता. एका फ्लॉपीवर एकच यादी आणि सगळ्या फाइली तिच्यात. त्यामुळे कॉन हे नाव कोठे वापरले आहे, असा प्रश्नच उद्भवत नव्हता. 1983 च्या 2.0 या आवृत्तीत फोल्डर आले. तोवर लिहिल्या गेलेल्या प्रोग्रॅमांना फोल्डरची जाणीवच नव्हती. ते नुसतेच कॉन किंवा पीआरएन म्हणत. ते प्रोग्रॅम कोणत्याही फोल्डरमध्ये चालावेत म्हणून ही नावे प्रत्येक फोल्डरमध्ये आपोआप उपस्थित आहेत असे मानले गेले. जी फाइल अगोदरच सर्वत्र आहे तिच्या नावाचा फोल्डर कसा तयार होणार? नेट कॅफेतल्या कोड्याचे उत्तर एवढेच आहे. पत्त्यातली उलटी तिरकी रेघही त्याच वेळची. इतर प्रणालींत फोल्डरांची नावे सरळ तिरक्या रेघेने तोडतात, पण डॉसमध्ये ती रेघ आज्ञेला जोडायच्या खुणांसाठी आधीच वापरात होती. मग फोल्डरसाठी उलटी रेघ घ्यावी लागली.

झेडच्या त्या खुणेमागेही कारण आहे आणि ते मला नेहमीच हृद्य वाटत आले आहे. सीपी/एममध्ये फाइलची लांबी 128 बाइटच्या तुकड्यांतच मोजली जाई. शेवटचा तुकडा अर्धाच भरला असेल तर मजकूर कोठे संपला हे कळण्यासाठी तेथे कंट्रोल-झेड ही खूण टाकावी लागे. डॉस नेमकी लांबी लिहून ठेवत असल्यामुळे त्याला या खुणेची गरज नव्हती, तरी जुन्या सवयीच्या प्रोग्रॅमांसाठी त्याने ती पाळली.

डॉसचा खरा आत्मा मात्र चकतीवरच्या नोंदीत होता. मी पुढे एका पतसंस्थेत हिशेबाचे काम केले. तिथल्या जाड खतावणीत एखाद्या सभासदाचे पान भरले की खाली ‘पुढे पान 37’ असे लिहून पुढचा हिशेब सदतिसाव्या पानावर नेत असत. तेही भरले की ‘पुढे पान 82’. डॉस फाइल अशाच रीतीने ठेवतो. चकतीचे सारख्या आकाराचे कप्पे केलेले असतात आणि मोठी फाइल अनेक कप्प्यांत विखुरलेली असू शकते. फरक इतकाच, की ‘पुढे अमुक पान’ ही सूचना प्रत्येक पानाच्या तळाशी न लिहिता चकतीच्या सुरुवातीला एका तक्त्यात एकत्र लिहिलेली असते. एका कप्प्यासाठी तक्त्यात एक आकडा. तो आकडा पुढचा कप्पा सांगतो, साखळी संपली की शेवटाची खूण असते आणि मोकळ्या कप्प्यासमोर शून्य. या तक्त्याला ‘फॅट’ म्हणतात. मायक्रोसॉफ्टमधल्या मार्क मॅकडॉनल्डने 1977 मध्ये बेसिकसाठी ही कल्पना रचली होती आणि पॅटरसनने ती आपल्या प्रणालीत घेतली. हा तक्ता लहान असल्यामुळे तो मेमरीत ठेवता येई आणि फाइलीतली कोणतीही जागा चकती न चाळता शोधता येई. आयबीएमच्या पहिल्या संगणकाची फ्लॉपी 160 किलोबाइटची होती, तिच्यासाठी ही व्यवस्था चपखल होती.

फाइल पुसली की डॉस तिचा मजकूर पुसत नसे. यादीतल्या नावाचे पहिले अक्षर खोडून तेथे एक विशिष्ट आकडा लिहायचा आणि तक्त्यातले तिचे कप्पे मोकळे दाखवायचे, एवढेच तो करी. आमच्या संस्थेत एका मार्चअखेरीस व्याजाची फाइल चुकून पुसली गेली. तोवर डॉसची 5.0 ही 1991 ची आवृत्ती आली होती आणि तिच्यात पुसलेली फाइल परत आणण्याची आज्ञा होती. ती दिल्यावर पडद्यावर फाइलचे नाव उमटले, पण पहिल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह होते आणि ते अक्षर कोणते असे यंत्र आम्हाला विचारत होते. उरलेले नाव त्याला माहीत होते, फक्त ते एक अक्षर त्याने स्वतःच खोडले होते. आम्ही व्याजाच्या नावातला व्ही टाइप केला आणि सहा दिवसांचे काम परत आले. त्या दिवशी मला चकतीवरची रचना खऱ्या अर्थाने कळली.

डॉसच्या मर्यादाही तितक्याच ठोस होत्या. त्या काळच्या प्रोसेसरला जेमतेम 1 मेगाबाइट मेमरीचे पत्ते मोजता येत. त्यातला वरचा 384 किलोबाइटचा भाग आयबीएमने पडदा आणि यंत्राच्या अंगभूत कामांसाठी राखला, म्हणून प्रोग्रॅमांना 640 किलोबाइट उरले. पुढे यंत्रांत 4 किंवा 8 मेगाबाइट मेमरी आली तरी डॉसवरचे प्रोग्रॅम त्या 640 च्या चाळीत दाटीवाटीने राहत. शिवाय एका वेळी एकच प्रोग्रॅम चाले, आणि तो अडकला की सगळे यंत्र अडकत असे.

आपल्या भाषेची अडचण याहून वेगळी होती. डॉसचा पडदा म्हणजे 80 रकाने आणि 25 ओळी, प्रत्येक चौकटीत एक ठरावीक चिन्ह, आणि एकूण चिन्हे 256. ‘क्षत्रिय’ हा शब्द असा चौकटीत मांडता येत नाही. वेलांटी आधी येते, जोडाक्षर आकार बदलते. या अडचणीवर पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने ‘जिस्ट’ नावाचे कार्ड पुरवले. ते संगणकाच्या खाचेत बसवले की अक्षरांची जुळणी ते कार्डच करी, आणि इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉसच्या प्रोग्रॅममध्येही मराठी नावे दिसू लागत. त्यामागच्या, प्रत्येक अक्षराला आकडा ठरवून देणाऱ्या ‘इस्की’ या संकेतावलीला 1991 मध्ये भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. सभासदांची नावे पहिल्यांदा देवनागरीत पडद्यावर आली तेव्हा आमचे वयस्कर सचिव खुर्ची ओढून बराच वेळ ती यादी वाचत बसले होते. विंडोजमध्ये युनिकोड देवनागरीची सोय पुढे 2000 सालच्या आवृत्तीत आली.

विंडोजचा पुढचा प्रवास भराभर सांगता येतो. 1985 ची पहिली विंडोज आणि 1990 ची 3.0 ही दोन्ही डॉसवर चढवलेली चित्रमय आवरणे होती. आधी डॉस सुरू व्हायचा, मग विंडोज. 24 ऑगस्ट 1995 रोजी आलेल्या विंडोज 95 ने फाइलींना 255 अक्षरांपर्यंतची नावे दिली, पण जुन्या प्रोग्रॅमांसाठी प्रत्येक लांब नावाच्या पाठीशी आठ अक्षरांचे एक छोटे नाव ती गुपचूप सांभाळत असे. दरम्यान मायक्रोसॉफ्टमध्ये डेव्हिड कटलर यांच्या नेतृत्वाखाली एक संपूर्ण वेगळी प्रणाली घडत होती. 1993 मध्ये आलेली ही ‘विंडोज एनटी’ डॉसवर उभी नव्हती. 2001 च्या विंडोज एक्सपीने घराघरांतले संगणक या नव्या पायावर आणले आणि घरगुती विंडोजखालचा डॉस तेथे संपला. तरी एनटीच्या रचनाकारांनी सी हे अक्षर, उलटी रेघ आणि कॉनचे राखीव नाव जसेच्या तसे ठेवले, कारण गिऱ्हाइकांचे प्रोग्रॅम त्या नावांवर उभे होते.

ज्यांना मूळ रचना वाचायची आहे त्यांच्यासाठी चांगली सोय झालेली आहे. डॉसच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांचा मूळ मजकूर (सोर्स कोड) 2014 मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने खुला केला, आणि 4.00 या आवृत्तीचा मजकूर 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टने मुक्त परवान्याखाली दिला. जिम हॉल यांनी 1994 मध्ये सुरू केलेला ‘फ्री-डॉस’ हा स्वतंत्रपणे लिहिलेला डॉस तर आजही मिळतो. स्वस्त लॅपटॉपच्या किमतीच्या पाटीवर ‘डॉस’ असे लिहिलेले असते त्याचा अर्थ विंडोजचा परवाना किमतीत धरलेला नाही असा असतो. ग्राहकाने तो शब्द वाचून घाबरू नये, पण विंडोजचा खर्च मात्र मनात धरावा.

फॅट तर अजून रोजच्या वापरात आहे. लग्नाचे चित्रीकरण करणारे छायाचित्रकार कधी कधी तक्रार करतात, की 32 जीबीचा पेन ड्राइव्ह रिकामा असूनही 5 जीबीची एक फाइल त्यावर जात नाही. तो पेन ड्राइव्ह ‘फॅट-32’ पद्धतीचा असतो, आणि त्या पद्धतीत फाइलची लांबी लिहायला डॉसच्या नोंदीतलीच चार बाइटची जागा आहे. चार बाइटमध्ये मावणारा सर्वांत मोठा आकडा 4 जीबीच्या एक बाइट आत थांबतो. नव्या लॅपटॉपमध्येही सुरू होण्यासाठी लागणारी पहिली फाइल चकतीच्या ज्या छोट्या भागात असते तो फॅट पद्धतीचाच ठेवलेला असतो, मग वर विंडोज असो की लिनक्स.

मागच्या पावसाळ्यात शिवाजी उद्यमनगरातल्या एका ओळखीच्या कारखान्यात गेलो होतो. तिथले धातू कातण्याचे एक जुने संगणकीय यंत्र अजून उत्तम काम देते. त्याच्या नियंत्रणपेटीत फ्लॉपीची खाच होती. फ्लॉप्या मिळेनाशा झाल्यावर मालकांनी त्या खाचेत, पेन ड्राइव्ह लावता येईल असे एक उपकरण बसवून घेतले. ते उपकरण पेन ड्राइव्हचे 1.44 मेगाबाइटचे क्रमांक घातलेले तुकडे करते आणि निवडलेला तुकडा यंत्रापुढे फ्लॉपी म्हणून ठेवते. नव्या भागाचा आराखडा वरच्या खोलीत लॅपटॉपवर तयार झाला होता. खाली आलेल्या तरुण कारागिराने पेन ड्राइव्ह लावला, बटण दाबून सतराव्या तुकड्यावर आला आणि फाइलींची यादी उघडली. प्रत्येक नाव आठ अक्षरांच्या आत होते. हे असे का, म्हणून मी त्याला विचारले. “नाव लांब झालं की यंत्र घेत नाही, काका,” तो म्हणाला, आणि त्याने ए खाचेतली फाइल सुरू केली.